सरकारमान्य राखणदार

सरकारी कागद कोणी वाचत नाही, या एका भरवशावर मी सगळी नोकरी केली. कागद लिहायचा, त्यावर जावक क्रमांक घालायचा, साहेबांची सही घ्यायची आणि टपालात टाकायचा. पुढे त्याचं काय होतं याची चौकशी करणारा कारकून मी तरी पाहिला नाही. हा भरवसा आयुष्यात एकदाच खोटा ठरला, आणि नेमका अशा वेळी, की एका म्हातारीच्या तीस वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडायची पाळी आली. चूक माझी होती. आता कबूल करायला हरकत नाही, पेन्शन सुरू झालेलं आहे.

पोलादपूरला तेव्हा विकास गटाची कचेरी नुकतीच निघाली होती. जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि सगळे हुकूम अलिबागहून यायचे. मी साताऱ्याकडचा, म्हणजे इथल्या लोकांच्या भाषेत घाटावरचा, चोवीस वर्षांचा आणि अक्षर चांगलं असलेला. अक्षर चांगलं असणं नोकरीत किती महागात पडतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मानपत्र, आमंत्रण, फलक, कमान, जिथे म्हणून दोन शब्द ठळक लिहायचे तिथे मला बसवायचे. 'सुस्वागतम्' हा शब्द मी इतक्या वेळा रंगवला आहे की अजूनही कुणी हात जोडून 'या, या' म्हटलं की मला गेरूचा वास येतो.

दर वर्षी जुलैत वनमहोत्सव व्हायचा. जुलैतला पोलादपूरचा पाऊस म्हणजे समोरचा माणूस दिसायची मारामार. तरी कचेरीच्या आवारात खड्डा खणायचा, पाहुण्यांच्या डोक्यावर दोन शिपायांनी छत्र्या धरायच्या, रोप लावायचं, फोटो काढायचा. दिवाळीपर्यंत ते रोप शेळ्यांच्या पोटात गेलेलं असायचं. पुढच्या वर्षी खड्डा तोच, रोप नवं. नवे साहेब पुण्याहून बदलून आले तेव्हा त्यांनी जुने फोटो मागवून घेतले, टेबलावर ओळीने मांडले आणि चष्मा वर करून विचारलं, "सगळ्या फोटोंत झाड एवढंच कसं?"

"साहेब, दर वर्षी नवीन असतं," मी म्हणालो.

साहेब चांगले होते. प्रामाणिक, वक्तशीर, आणि विज्ञानावर त्यांची इतकी श्रद्धा की कचेरीत कुणी लिंबू-मिरची टांगली तर ते ती काढून घरी भाजीला न्यायचे. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की झाडं लावणाऱ्यांचे हारतुरे पुरे झाले. या तालुक्यात ज्याने आहे ती झाडं राखली असतील तो माणूस शोधायचा आणि भर सभेत त्याचा गौरव करायचा. त्यासाठी त्यांनी स्वतः अकरा रकान्यांचा एक तक्ता तयार केला. सातवा रकाना होता, 'संवर्धनासाठी अवलंबिलेली पद्धत'. हा सातवा रकाना पुढे माझ्या मानेवर बसला.

आता असा माणूस शोधायचा कुठे? तिकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. राबासाठी लोक ऐन-किंजळाच्या फांद्या उतरवतात, त्यामुळे उन्हाळ्यात डोंगरावरची झाडं मुंज झालेल्या बटूसारखी दिसतात. त्यातून जी वाचली ती कोळशाच्या भट्टीत. कशेडी घाटात उभं राहिलं की पाच ट्रकांमागे एक कोळशाचा असायचा. तरीही आम्ही गावोगाव पत्रं पाठवली, आणि नावं आली. एकाने घरामागच्या कलमी आंब्यासाठी स्वतःचं नाव धाडलं. एकाने दारातल्या तुळशीसाठी बायकोचं. एका ठिकाणी खरोखरच दोन एकर उत्तम रान उभं होतं, पण चौकशीअंती कळलं की तीन भावांचा त्यावर महाडच्या कोर्टात दावा चालू आहे आणि कुणालाच फांदी तोडता येत नाही.

"मग हार मुन्सफांना घालावा लागेल," साहेब म्हणाले आणि मला फिरतीवर पिटाळलं.

दिवाळी होऊन गेली होती. उमरठच्या पलीकडे डोंगरात एक वाडी आहे, तिच्या वर दाट रान आहे, असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी तिथे चालत गेलो. रान लांबूनच दिसलं. आजूबाजूचे डोंगर बोडके, आणि मध्येच एका उतारावर हिरवं गच्च. खाली वाडी, वाडीच्या डोक्यावर झरा. पोलीस पाटलांच्या अंगणात बसून मी तक्ता उघडला आणि विचारलं, "ही झाडं कुणी राखली?"

"राखनदारानं," पाटील म्हणाले.

मी लिहून घेतलं. आमच्या घाटावर शेतात पाखरं हाकायला, खळ्यावर झोपायला जो गडी ठेवतात त्याला राखणदार म्हणतात. "त्याचं पूर्ण नाव?"

पाटलांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "नाव? नाव कुठलं त्याला?"

"बरं, वय काय असेल?"

"आमच्या आज्याच्याबी आदीचा आसल."

"अरे वा! अजून हयात आहे?"

"हाय तर. नायतर झाडं ऱ्हायली असती व्हय?"

"मग मला त्याला भेटायचं आहे. सही घ्यावी लागेल. सही येत नसेल तर अंगठा चालेल."

पाटलांनी तोंडातलं पान बाजूला थुंकलं. "भाऊ, तो भेटला ना, तं तुमी परत पोलादपूरला जायाचं नाय."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. राखणदार म्हणजे माणूस नव्हे. रानाचा, शिवेचा अदृश्य रक्षक. त्याचं ठाणं म्हणजे रानातल्या मोठ्या ऐनाच्या बुंध्याशी असलेला शेंदराचा दगड. दर वर्षी वाडी त्याला राखण म्हणून एक कोंबडा देते. त्या रानातली काडी कुणी आणत नाही. एकाने एकदा फांदी तोडली होती, तो महिनाभर तापाने फणफणला. हे सांगताना पाटलांचा स्वर भीतीचा होता, पण त्यात थोडी चुटपुटही होती. कारण महाडचे एक कोळशाचे ठेकेदार, ज्यांना सगळे शेट म्हणत, दोन वर्षं त्या रानासाठी पाटलांच्या मागे लागले होते. पाटलांचं मन केव्हाच झालं होतं. "पन राखनदार हाय ना," ते म्हणाले. "तो नसता तं येवड्यात भट्ट्या पेटल्या असत्या."

तक्त्यावर राखणदाराचं नाव घातलं तर साहेब मला राजीनामा लिहायला लावतील, हे उघड होतं. मी कंटाळून उठलो. तहान लागली होती, म्हणून झऱ्यावर गेलो आणि पाणी प्यायला द्रोण करावा म्हणून एक पान तोडलं.

"मेल्या, पान कशाला तोडलंस? हात नायत तुला?"

मागे एक म्हातारी उभी होती. बुटकी, काटक, गळ्यात तुळशीची माळ, कमरेला कोयता. ती पाटलांची विधवा भावजय. सगळी वाडी तिला भांडखोर म्हणून ओळखायची. सकाळी शेणावरून जावेशी, दुपारी कोंबड्यांवरून शेजारणीशी आणि संध्याकाळी काही विषय उरला नाही तर झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांशी ती भांडायची, आणि त्याही तिच्याशी तितक्याच जोरात भांडायच्या. नवरा गेला, पोर लहानपणीच गेलं, तेव्हापासून हाच तिचा संसार होता. मी सरकारचा माणूस आहे हे कळल्यावर ती थोडी नरमली. कशाला आलात विचारलं. मी सांगितलं, झाडं राखणाऱ्याचा सत्कार करायचा आहे, पण झाडं राखणदाराने राखली म्हणतात, आणि त्याला हार कसा घालायचा?

म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, ती झऱ्याच्या काठावर बसली, पाणी प्यायली आणि पुन्हा हसली. मग तिने वर रानाकडे पाहिलं. "तीस वर्सं मी झिजले," ती म्हणाली, "आन् नाव त्या दगडाचं."

आणि तिने मला सगळं सांगितलं. तिच्या लग्नाला सातेक वर्षं झाली होती तेव्हा शेजारच्या वाडीने आपलं रान तोडलं आणि तीन वर्षांत त्यांचा झरा आटला. तिथल्या बाया हंडे घेऊन नदीपर्यंत जाऊ लागल्या. मग इथल्या बाप्यांनी कुऱ्हाडी काढल्या. सुनेचं कोण ऐकतो? ज्या दिवशी तोडायला जायचं ठरलं त्याच्या आदल्या दुपारी तिने देवळातून शेंदूर आणला, ऐनाच्या बुंध्याशी एक दगड उभा केला, त्याला शेंदूर फासला, नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मुकाट्याने घरी येऊन भाकऱ्या थापत बसली. दुसऱ्या दिवशी बाप्ये गेले आणि खांद्यावरच्या कुऱ्हाडी खांद्यावरच घेऊन परत आले.

"कोनी इचारलं नाही, कोणी लावला?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझीही भाषा तिच्यासारखी व्हायला लागली होती.

"देवाला कोनी बसवला आसं इचारतात काय कोन? म्हनले, आदीपासनं हाय, आपल्याच ध्यानात नव्हता." ती पुन्हा हसली. "तो येक तापानं पडला, तो हिवतापानं पडला. मी काय बोलले नाय. दर वर्सी शेंदूर पुसाट झाला की नवा लावते. कोंबडा देतात तवा मीबी हात जोडते. काय करनार?"

मग तिने माझा हात धरला. "पन ह्ये कुटं बोलू नको बाबा. पाटलाला कळलं तं दुसऱ्या दिशी शेट भट्ट्या लावील. रान गेलं की पानी गेलं. सरकारात सांगितलं म्हंजे गावात सांगितलं आसं नाय ना?"

"नाही आजी," मी म्हणालो. "सरकारी कागद कोणी वाचत नाही."

आता हे तिने मला सांगितलंच कशाला, असा प्रश्न मला नंतर पुष्कळदा पडला. मला वाटतं, माणसाला एकदा तरी कुणाला तरी सांगावंसं वाटतंच, की हे मी केलं. तेवढ्यासाठी तिने मला सांगितलं. आणि मी काय केलं? कचेरीत येऊन सातवा रकाना भरला. कोरा ठेवला असता तर तक्ता परत आला असता, हे खरं. पण त्याहून खरं हे, की मला माझ्या मराठीचा फार अभिमान होता. 'सदर महिलेने जनमानसातील भीतीचा कुशलतेने उपयोग करून घेऊन', अशी सुरुवात करून मी शेंदरासकट सगळं लिहिलं. जागा पुरेना म्हणून पुरवणी जोडली.

साहेबांनी ते वाचलं. पुरवणीसकट वाचलं. मला आत बोलावलं तेव्हा ते चष्मा पुसत होते आणि डोळेही पुसत होते.

"हीच," ते म्हणाले. "हिचाच गौरव करायचा. आणि तिच्या वाडीत जाऊन करायचा. सगळ्या गावासमोर सांगायचं, की राखणदार वगैरे काही नव्हतं, एका अडाणी बाईची बुद्धी होती! याच्याइतकं लोकशिक्षण दुसरं कुठलं?"

मी म्हणालो, "साहेब, सांगितलं तर झाडं जातील. गाव नुसत्या भीतीने थांबलंय."

"भीतीने राखलेलं टिकत नाही. समजून राखलेलं टिकतं."

"साहेब, तीस वर्षं टिकलंय."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर येऊन कमानीचा रंग कालवायला बसलो.

त्यात भर अशी, की शेटना बातमी लागली. वाडीत सभा म्हटल्यावर ते स्वतः कचेरीत आले आणि मांडव, खुर्च्या, भोंगा, चहा, सगळं आपल्याकडून देतो म्हणाले. झाडं राखणाऱ्या बाईच्या सत्काराचा खर्च कोळशाचा ठेकेदार करणार, यात साहेबांना काहीच वावगं दिसलं नाही. त्यांना ते लोकांचं सहकार्य वाटलं. शेटना मात्र पाटलांच्या शेजारी दोन तास बसायला मिळणार होतं, आणि रानही जवळून बघता येणार होतं.

सभेच्या आदल्या दिवशी कमान घेऊन मी वाडीत गेलो आणि म्हातारीला गाठून सगळं कबूल केलं. तिने मला ज्या शिव्या दिल्या त्यांतल्या अर्ध्या मला आजही कळलेल्या नाहीत. मी मान खाली घालून ऐकून घेतल्या. शेवटी ती दमली.

"आजी, तुम्ही येऊच नका. आजारी आहे म्हणून सांगतो मी."

"आन् माज्या माघारी सांगतील त्याचं काय?" ती म्हणाली. "येते. माजी झाडं माज्यासमोर जाऊ देत." मग तिने पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "आन् रे, हार कशाचा आननार?"

"झेंडूचा."

"बरं," ती म्हणाली.

रात्र मी कशीबशी काढली आणि सकाळी मानपत्र बदललं. शेंदूर काढला, दगड काढला, नुसतं 'अथक परिश्रम' आणि 'निसर्गप्रेम' ठेवलं. वाटलं, साहेब हातात आहे तेच वाचतील.

सभा भरली. म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, उठून पळायच्या तयारीत असल्यासारखी. पहिल्या रांगेत शेट, शेजारी पाटील, मागे सगळी वाडी आणि आसपासच्या चार वाड्यांची माणसं. साहेब मानपत्र वाचायला लागले. 'अथक परिश्रम' आलं, 'निसर्गप्रेम' आलं आणि संपलं. साहेबांनी कागद उलटून पाठीमागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी भोंग्याच्या तारेकडे पाहत होतो. साहेबांनी मानपत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि ते तोंडी बोलायला लागले. पुरवणी त्यांना पाठ होती.

एक शब्दही त्यांनी सोडला नाही. झरा, शेजारची वाडी, आदली दुपार, शेंदूर, नारळ. म्हातारीने डोळे मिटून घेतले. साहेबांचा आवाज चढत गेला आणि शेवटी त्यांनी तिच्याकडे हात करून भोंग्यातून गर्जना केली, "तुम्ही ज्याला राखणदार म्हणता, ज्याला घाबरता, ज्याला कोंबडे देता, तो राखणदार म्हणजे दुसरंतिसरं कोणी नाही! तुमचा राखणदार म्हणजे ही बाई!"

शेटच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं. त्यांनी पाटलांच्या मांडीवर थाप मारली. संपलं, असं मला वाटलं. आठवडाभरात भट्ट्या लागणार आणि त्याला कारण माझं सुंदर मराठी. मला स्वतःची इतकी शरम वाटली की तिथल्या तिथे मांडवाबाहेर निघून जावंसं वाटलं.

पाटील उठून उभे राहिले. "सायब, येक इचारू?"

"विचारा, विचारा. शंका विचारलीच पाहिजे."

"त्यो शेंदूर हिनं लावला?"

"हो."

"सोताच्या हातानं?"

"स्वतःच्या हाताने."

"आन् राखनदार म्हंजे ही?"

"हीच. दुसरं कोणी नव्हतंच कधी!"

पाटलांनी एकदा भावजयीकडे पाहिलं. "सरकारात तशी नोंद हाय?"

"आहे तर!" साहेब म्हणाले. "अलिबागपर्यंत नोंद गेलेली आहे."

पाटलांनी डोक्याची टोपी काढली, चपला काढल्या, पुढे आले आणि ज्या भावजयीशी त्या दिवशी सकाळीच उकिरड्याच्या जागेवरून भांडले होते, तिच्यासमोर त्यांनी लोटांगण घातलं.

माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा स्वतःशीच मान डोलवत होता. "तरीच!" तो म्हणाला. "तापाची साथ आली, सगळी वाडी पडली, हिला काय झालं नाय. आन् झऱ्यावर रोज कोन बसतंय? हीच. आपल्या डोळ्यांम्होरं व्हता आन् आपल्याला दिसला नाय."

"पन बाईमानूस राखनदार?" दुसऱ्याने शंका काढली.

"सरकार सांगतंय म्हंजे आसल. सायब काय खोटं बोलतील?"

तोवर रांग लागली होती. बाया पोरांची डोकी तिच्या पायांवर ठेवत होत्या. तिची जाऊ, चाळीस वर्षांची वैरीण, हात जोडून उभी होती. साहेब हर्षाने माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पाहिलंत? सत्य सांगितलं की लोक किती मोठ्या मनाने स्वीकारतात!" त्यांची बदली होईपर्यंत त्यांचा हाच समज होता आणि तो मोडायची माझी छाती झाली नाही. शेट तेवढे पहिल्या रांगेत बसून राहिले होते. मागची माणसं पुढे गेल्यामुळे ते एकटेच दिसायला लागले. त्यांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा रानाकडे, आणि तेही उठून रांगेत उभे राहिले.

मग साहेबांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. म्हातारी भोंग्यासमोर उभी राहिली. इतकी बुटकी की झेंडूच्या हारामागे तिची हनुवटी दिसत नव्हती. तीस वर्षं जे वाक्य ती येताजाता बडबडायची आणि जे कुणी कानावर घ्यायचं नाही, तेच ती बोलली. "माज्या झाडांना कोनी हात लावाल तं बगा."

"नाय आय, नाय!" सगळा मांडव ओरडला. शेटचा आवाज त्यात मला वेगळा ऐकू आला.

शेट पुन्हा त्या रानाकडे फिरकले नाहीत. आपल्या पायजम्याला डाग न लागता काम झालं म्हणून मी महिनाभर खुशीत होतो. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा अलिबागहून काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र आलं आणि ते द्यायला मी वाडीत गेलो. लांबूनच कोंबडे ऐकू यायला लागले. म्हातारीच्या अंगणात सात कोंबडे बांधलेले होते, वेगवेगळ्या रंगांचे, आणि दुपारचे तीन वाजले असताना सातही आळीपाळीने आरवत होते.

"मी माळकरीन," ती ओट्यावरून ओरडली, "आन् माज्या दारात कोंबडं! कापायची चोरी, सोडले तं परत आनून बांदतात. येवडी वर्सं दगडाला देत व्हते, आता मला. झोपू देत नायत मेले."

मी खूप हसलो. ती हसली नाही. मी चौकट पुढे केली, तिने ती न बघता बाजूला ठेवली.

"झऱ्यावर गेले की बाया बाजूला व्हतात," ती म्हणाली. "हंडा खाली ठिवून हात जोडतात. मी निगून जाईपातूर येक शबूद नाय. जाऊ आता मला आय म्हंते. चाळीस वर्सं भांडली माज्याशी, येक दिस चुकला नाय, आन् आता आय! काय बी बोलले तरी व्हय म्हंतात. परवा पुनव व्हती. मी मुद्दाम म्हनले, आज अमुशा हाय. सगळी म्हनली, व्हय आय, अमुशा हाय."

ऐनाच्या फांद्या वर हलत होत्या, झरा चैत्रातही वाहत होता आणि म्हातारी त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"मी सगळ्यांना खरं सांगतो," मी म्हणालो. "पाटलांना सांगतो. आत्ता जातो."

"काय सांगशील? सायबानं भोंग्यावरनं सांगितलं ना खरं? आजून काय सांगनार?" तिने ओट्यावर पडलेलं कोंबड्याचं पीस उचलून फेकलं. "आन् समजा पटलं त्यांना. मंग? झाडं गेली ना. ऱ्हाऊ दे. पानी हाय." तिने डोळ्यांना पदर लावला. "पन तू मला मानसांतनं उटवलंस रे मेल्या."

मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्या पायांशी वाकायला गेलो. तिने फाडकन माझ्या हातावर मारलं.

"तूबी? तू घाबरतोस मला?"

"नाही."

"मंग भांड."

मी आजूबाजूला पाहिलं. भांडायला काही सापडेना. शेवटी ती चौकट उचलली आणि भिंतीला खिळा ठोकून टांगली. ती म्हणाली, तिरकी लागली. मी म्हणालो, भिंत तिरकी आहे. ती म्हणाली, तुझी नजर तिरकी. मी म्हणालो, म्हातारे, तुला डोळ्यांनी दिसत नाही. मग ती उठली, पदर खोचला, आणि माझ्या घाटावरच्या सात पिढ्या तिने बाहेर काढल्या. मीही सोडलं नाही. उन्हं कलेपर्यंत आम्ही भांडत होतो. कुंपणापलीकडून हंडा घेऊन जाणारी जाऊ थबकली, मी म्हातारीला 'अडेलतट्टू' म्हणालेलं तिने ऐकलं आणि ती कानांवर हात ठेवून पळाली. तिच्या पळत्या पाठीकडे म्हातारी बराच वेळ पाहत राहिली.

त्यानंतर दोन वर्षं, बदली होईपर्यंत, मी दर महिन्याला फिरतीच्या डायरीत 'झऱ्याची पाहणी' असं लिहून तिच्याशी भांडायला जात होतो. शेवटच्या खेपेला बदलीचं सांगितलं तेव्हा ती उठली. आत जाऊन गुळाचा चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी भांडायला बसली. विषय होता, पोलादपूरची माणसं जास्त आळशी की साताऱ्याची. मी जोरात काहीतरी बोलायला गेलो आणि मध्येच मला रडू फुटलं.

"हरलास," ती म्हणाली, आणि पदराने स्वतःचं नाक पुसलं.